पाद्रीला परत घ्यायचं की नाही

पुएर्तो मान्सो गावात एकमत होण्याचे प्रसंग विरळाच. पूल कुठे बांधायचा यावर एक अख्खी पिढी भांडली आणि शेवटी नदीनेच पात्र बदलून वाद मिटवला. पण त्या डिसेंबरात सलूनपासून चर्चच्या पायरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं : पाद्रीला परत आणा.

पाद्री म्हणजे एवेलिओ. त्याचा धर्माशी संबंध आला तो इतरांच्या पोरांच्या बाप्तिस्म्यापुरता. पण बेसबॉलच्या मैदानावर तो पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा; शेवटच्या डावात यायचा आणि समोरच्या संघाचे अंत्यविधी उरकायचा, त्यावरून हे नाव पडलं. आमच्या पेलिकन संघाने जन्मात एकदाच अजिंक्यपद जिंकलं, त्यातला शेवटचा चेंडू त्याचा. सलूनमध्ये त्याचा फोटो आल्ताग्रासिया मातेच्या शेजारी लावलेला आहे, किंचित वरच. पुढे त्याचा खांदा कुरकुरायला लागला, संघाने त्याला सोडलं, आणि तो डोंगरापलीकडच्या संघात गेला. तो संघ यंदा स्पर्धेबाहेर पडला. त्याला बाहेरची वाट दाखवण्यात पाद्रीचा वाटा सिंहाचा होता, पण ही गोष्ट गावाने मनाला लावून घेतली नाही.

आपल्याकडचा हिवाळी रिवाज असा, की पुढच्या फेरीत गेलेल्या संघांनी घरी बसलेल्या संघांतून कुमक निवडायची. पेलिकनला कुमकेची गरज होतीच. आमचे सामने संपवणाऱ्या तरण्या पिचरच्या हाताची मालकी एका अमेरिकन क्लबाकडे होती. त्यांनी ‘आता पुरे’ म्हणून निरोप धाडला आणि तो हात, बाकीच्या पोरासकट, विमानात बसून निघून गेला.

निवडीच्या आदल्या दिवशी मालकांनी बैठक बोलावली. बैठकीला तिघं. मालक दॉन रामिरो, ज्यांना सिमेंटमधलं सगळं कळे, व्यवस्थापक नेफ्ताली, ज्याला सगळे इंजिनिअर म्हणत कारण तो खरोखरच इंजिनिअर होता, आणि लिओकादियो. लिओकादियो बुलपेनचा मास्तर, म्हणजे मैदानाच्या कडेला कुंपणाआड पिचर जिथे हात गरम करतात तिथला राजा. पूर्वी तो कॅचर, म्हणजे पिचरचा चेंडू झेलणारा; अजिंक्यपदाचा तो शेवटचा चेंडू त्याच्याच हातमोज्यात विसावला होता. शिवाय पाद्री त्याचा कोंपाद्रे. त्याच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीनेच हातावर धरलं होतं. आपल्या बेटावर सख्ख्या भावाला कोर्टात खेचता येतं, कोंपाद्रेला नाही.

“इंजिनिअर, तुमचं मत?” मालकांनी विचारलं.

“मत नाही, आकडे आहेत. त्याचा चेंडू हल्ली वाटेत पत्ता विचारत विचारत येतो.”

“माझी आई म्हणते, घ्या त्याला.”

“आईसाहेब मैदानात कधी आल्यात?”

“एकदाही नाही. तरी म्हणते! यावरून लोकभावना काय ते समजा.” मालक वळले. “लिओ, तू बोल. तुझा कोंपाद्रे आहे.”

“म्हणूनच मी बोलू नये, मालक.”

“बरं. मग उद्या सकाळी त्याला फेकू दे. तू धर, इंजिनिअर बंदुकीने वेग मोजतील, मी बघतो.”

घरी लिओकादियोच्या बायकोने, युदेल्काने, ताटात मांगू, म्हणजे कच्च्या केळ्याचा लगदा, वाढता वाढता विचारलं, “मग? त्याचं संपलंय की नाही, ते सांगितलंस?”

“मी कशाला सांगू? यंत्र आहे ना सांगायला.”

“यंत्राला कोंपाद्रे नसतो,” ती म्हणाली. “म्हणून तर लोक त्याचं ऐकत नाहीत.”

लिओकादियोने तळलेल्या सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की नवऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही.

सकाळी पाद्री स्कूटरवरून आला. शर्टाला कडक इस्त्री, केस काळेभोर.

“कोंपाद्रे! पोट केवढं सुटलंय रे! आत कोण आहे?”

“तुझे केस बघ आधी. घरातलं बूटपॉलिश संपवलंस वाटतं.”

दोघं हसले. मग बुटाची नाडी बांधायला वाकलेला पाद्री खालूनच म्हणाला, “अकादमीवाल्यांनी विचारलंय. पोरांना शिकवायचं. राहायला घर देतायत. उद्यापर्यंत कळवायचंय.”

“अरे, मग चांगलं आहे की!”

“चांगलंच आहे. सावलीतलं असलं तर थडगंही चांगलंच असतं.” तो उठून उभा राहिला. “इथे नाही जमलं तर जाईन. जमलं, तर त्यांना नाही म्हणून टाकणार. अर्धा पाय इकडे अर्धा तिकडे, असं आपल्याला नाही जमत.”

मालक जाळीमागे खुर्ची टाकून बसले. इंजिनिअर बंदूक रोखून उभा राहिला. लिओकादियो गुडघ्यांची क्षमा मागत खाली बसला. पाद्रीने पहिला चेंडू फेकला.

चेंडू आला. खरं म्हणजे यायला निघाला, आणि लिओकादियोला त्याची वाट पाहावी लागली. ज्याच्या चेंडूने एके काळी त्याचं बोट सुजवलं होतं, त्याचा चेंडू मोज्यात असा पडला जसं पिकलेलं फळ गवतावर पडतं. पाद्रीचा चेहरा त्याला दिसला. तो चेहरा बघवेना.

कॅचर लोकांची एक जुनी विद्या आहे. चेंडू हातमोज्याच्या बोटांमधल्या जाळीत घेतला तर आवाज होत नाही. तोच शेवटच्या क्षणी मनगट पुढे ढकलून थेट तळव्यावर घेतला, तर तोफ उडाल्यासारखा बार होतो. तळवा झिणझिणतो, पण पिचरला हुरूप येतो. बुलपेनमध्ये सगळेच हे करतात, आणि कुणी कुणाला सांगत नाही. लिओकादियोने मनाशी सरळ हिशेब केला : खरं काय ते बंदूक सांगणारच आहे. निदान मालकांसमोर या माणसाची लाज तरी राखू.

दुसरा चेंडू तळव्यावर घेतला. बार झाला. मालक खुर्चीत ताठ झाले. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले, चर्चमध्ये मिटतात तसे.

“शहाऐंशी मैल,” इंजिनिअर म्हणाला. “पूर्वी पंच्याण्णव असायचा.”

“बंदूक गारठलीय. बॅटरी बदला.”

बॅटरी बदलली. “पंच्याऐंशी.”

“बघा! आता आणखी कमी दाखवतेय. म्हणजे बिघडलेलीच आहे.” मालक उठले. “अहो, माझे कान आहेत की नाहीत? लिओ, कसा आहे?”

पाद्री तिकडून बघत होता. इंजिनिअरही बघत होता, बंदूक खाली करून, जणू आता लिओकादियोच आकडा दाखवणार होता.

“तुम्ही ऐकलंत ना, मालक,” लिओकादियो म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं.

मालक गाडीत बसून गेले ते थेट रेडिओवर बातमी सांगायला. पाद्रीने लिओकादियोला मिठी मारली. त्याचे डोळे ओले होते.

“ऐकलंस? अरे, मला वाटलं होतं, संपलं सगळं. वर्षभर हळू चेंडू टाकून दिवस काढले. फलंदाज फसायचे म्हणून निभावलं. आता त्या भिकेची गरज नाही!”

“हळू चेंडू सोडू नकोस, एवेलिओ.”

“तो म्हाताऱ्यांनी टाकावा.”

“माझं ऐक जरा. त्या आवाजाचं...”

“थांब,” पाद्री म्हणाला. त्याने फोन कानाला लावला होता. “हॅलो, अकादमी? एवेलिओ बोलतोय. तुमचे फार उपकार आहेत, पण नाही जमणार.”

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लिओकादियो पाद्रीच्या दाराशी गेला, खरं सांगून टाकायला. अंगणात डुक्कर भाजत होतं, अकॉर्डियन वाजत होतं, आणि शेजारपाजार पाद्रीच्या खांद्याला हात लावून कपाळाला लावत होता. लिओकादियोच्या हातात कुणीतरी प्लेट दिली. तो खाऊन परत आला. मांस उत्तम झालं होतं.

रविवारी संध्याकाळी पाचचा सामना. शेवटच्या डावात पेलिकन एकाच धावेने पुढे, समोरच्यांचे दोन खेळाडू धाव काढायला टपून बेसवर उभे, आणि स्टँडमध्ये पाय आपटून घोष चालू : “पाद्री! पाद्री!” बुलपेनमध्ये एवेलिओ हात गरम करत होता. लिओकादियो या वेळी प्रत्येक चेंडू जाळीत घेत होता, अगदी मुकाट. तोंडाने जे सांगता आलं नाही ते निदान कानाने तरी कळावं.

“हातमोजा बदल,” पाद्री ओरडला. “हा मेलाय.”

बुलपेनचा फोन वाजला. पलीकडे संघाचा प्रशिक्षक. “तयार आहे का?”

“नाही,” लिओकादियो म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“हात नाही राहिला त्याचा. दुसरा कुणी पाठवा.”

“लिओ, मालक माझ्या शेजारी उभे आहेत. अख्खं स्टेडियम उभं आहे. हे तू आज सांगतोस? मी कुणाला सांगू? पाठव त्याला.”

पाद्री धावत गेला. टाळ्यांनी पत्रे थरथरले. आमच्या तरुण कॅचरने हळू चेंडूची खूण केली. पाद्रीने नकाराची मान हलवली. पोराने पुन्हा तीच खूण केली; पाद्रीने पुन्हा मान हलवली, या वेळी हसून. मग त्याने आपल्या सगळ्या आयुष्याचं बळ लावून वेगवान चेंडू टाकला. फलंदाजाला घाई नव्हती. तो चेंडू रमच्या जाहिरातीवरून खारफुटीत गेला, त्याच्याबरोबर सामनाही गेला, आणि कुणी शोधायलाही गेलं नाही.

लोक जिने उतरेपर्यंत दोष वाटून झाले होते. इंजिनिअरला मोठा वाटा मिळाला, कारण निवड शेवटी त्याच्याच सहीने झाली होती. थोडा त्या कॅचर पोराला मिळाला. पाद्रीला कुणी काही बोललं नाही. लोकांनी त्याच्याकडे बघणंच बंद केलं.

कपड्यांच्या खोलीत तो खांद्याला बर्फ बांधून बसला होता. खुशीत होता असं म्हणवत नाही, पण खचला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

“त्या पोराला धरता येत नाही, कोंपाद्रे. सुरुवातीपासून त्याच्यावर विश्वासच बसला नाही माझा.”

“अकादमीला पुन्हा विचार की.”

“त्यांनी कालच दुसरा घेतला. जाऊ दे. मार्चमध्ये मेक्सिकोत चाचण्या आहेत. तू चल माझ्याबरोबर. तू धरलंस की चेंडू बरोबर निघतो.”

लिओकादियो त्याच्यासमोर बाकावर बसला. “एवेलिओ, तो आवाज माझा होता. मी तळव्यावर घेत होतो. चेंडूत काही नव्हतं.”

पाद्री मायेने हसला, आजारी माणसाच्या बडबडीला हसतात तसा.

“तू बाकीच्यांसाठी करतोस ते, ठाऊक आहे मला. मीच तर हसायचो त्यांना. माझ्यासाठी तुला कधी करावं लागलं नाही.”

“या वेळी केलं.”

“माझं दुःख हलकं करायला बोलतोयस, कळतं मला. चांगला माणूस आहेस.”

लिओकादियोने पुन्हा सांगितलं, तळवा दाखवून सांगितलं. परवाच्या माराने तळवा अजून काळानिळा होता. पाद्रीने तो हातात घेऊन पाहिला, आणि त्याचा चेहरा उजळला.

“बघ!” तो म्हणाला. “अजून किती लागतो माझा चेंडू!”

मग बर्फ सावरत त्याने बहिणीला फोन लावला आणि मेक्सिकोची दोन तिकिटं बघायला सांगितली.