न बघितलेली गाठ

सभागृहातल्या दोनशे खुर्च्या भरल्या होत्या आणि दाराशी लोक माना उंचावून उभे होते. मंचावर काचेची पेटी, पेटीत एक दिवा. क्वांटमगुरू सांगत होते की कण बघेपर्यंत इथेही असतो आणि तिथेही. बघणाराच त्याचं काय ते ठरवतो. आजाराचंही तसंच. तपासलाच नाही, तर तो ठरतच नाही. मग सगळ्यांनी डोळे मिटले, मनात आरोग्य आणलं, डोळे उघडले आणि लाल दिवा हिरवा झालेला. लोकांना रडू आवरेना. मला संताप आवरेना.

कारण पहिल्या रांगेत माझी धाकटी बहीण बसली होती. चार महिन्यांपूर्वी तिच्या छातीत गाठ सापडली. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायची चिठ्ठी दिली, तर ती तिने पर्समध्ये घडी घालून ठेवली.

"ताई, तपासलं की ते खरं होईल गं," एवढंच म्हणायची.

मी इस्पितळात एक्स-रे काढते. बटण दाबताना मी भिंतीआड असते, हाडाकडे कुणीही बघत नसतं. मोडलेलं हाड फोटोत मोडलेलंच येतं.

दुसऱ्या फेरीला मी डोळे मिटले नाहीत. गुरूंच्या पायाचा अंगठा मोज्यातल्या मोज्यात हलला आणि दोनशे जणांचे डोळे मिटलेले असतानाच दिवा हिरवा झाला. तिसऱ्या फेरीआधी मी मंचावर चढले आणि त्यांना दोन पावलं मागे सरकायला सांगितलं. इतक्या लोकांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. सगळ्यांनी डोळे मिटले, उघडले. दिवा लालच.

"या बाईंच्या संशयाने लहरी बिघडल्या," गुरू म्हणाले.

"दोनशे जणांच्या श्रद्धेला माझ्या एकटीचा संशय भारी पडतो?" मी विचारलं आणि ते आधी उभे होते तिथला गालिचा उचलला. खाली दाराच्या घंटीचं बटण होतं. त्याची वायर टेबलाच्या पायातून पेटीत गेली होती.

कण मोजताना नेमकं काय घडतं, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, हे खरं आहे. पण मनात आणलं म्हणून हवं तेच उत्तर मिळतं, असं एकाही प्रयोगात दिसलेलं नाही. शास्त्रज्ञांच्या प्रामाणिक अज्ञानावर या भामट्याने दुकान थाटलं होतं.

धाकटीने तिथेच पर्स उघडली. तपासणी झाली, उपचार सुरू आहेत. दीड सेंटिमीटरची गाठ तीनची झाली होती. चार महिने त्या गाठीकडे कुणीही बघितलं नव्हतं.

तुमच्याही पर्समध्ये अशी चिठ्ठी असेल, तर आजच बाहेर काढा.