उणे नऊ किलोंची चिंधी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही. तरी मला खोटारडा ठरवून कपाटामागे कोंबण्यात आलं. जिला माझं खरं कळायला हवं होतं, तिला ते चार महिने उशिरा कळलं. त्या चार महिन्यांत तिचा जीव हातचा गेला.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात जाड स्प्रिंग, पाठीवर खरबरीत रबर, काचेखाली तांबडी सुई. सगळे भाग बसवून झाले की एक चष्मेवाले म्हातारबुवा आम्हाला तपासायचे. त्यांनी माझ्यावर दहा किलोचं वजन ठेवलं, मग वीस, मग पन्नास. नाकावरचा चष्मा वर सारून म्हणाले, "हं, हा सरळ आहे." एवढंच माझं कौतुक, पण ते मला जन्मभर पुरलं.

पहिल्या घरी मी एका नवराबायकोकडे होतो. दोघंही माझ्यावर चढताना पोट आत ओढायची आणि आकडा बघून मलाच शिव्या घालायची. वजन वाढलं की दोष काट्याचा, उतरलं की कौतुक स्वतःचं, ही जगाची रीतच आहे. शेवटी वैतागून त्यांनी मला आपल्या शिंपीणबाईला देऊन टाकलं, आणि माझ्या आयुष्याचे खरे दिवस सुरू झाले.

तिला सगळे मावशी म्हणत. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीपाशी शिवणाचं मशीन, आणि अकरा मांजरं. शेजारी चेष्टा करायचे, "मांजर वाघाची मावशी, आणि ही मांजरांची मावशी. म्हणजे वाघाची कोण लागली, तुम्हीच ठरवा!" दारात आडवा पडून राहणारा लठ्ठ बोका होता, त्याचं नाव रखवालदार. एकडोळ्या होता, दोन जुळ्या होत्या, आणि सगळ्यांत लहान चिंधी. ती कापडाच्या तुकड्यांच्या टोपलीत सापडली होती.

अकरा मांजरं पाळणं म्हणजे अकरा दुखणी पाळणं. हिची लस, त्याचं जंताचं औषध, तिसऱ्याचे दात, चौथीचे कान. मावशीने भिंतीवर मोठा तक्ता लावला होता आणि एकाचीही तारीख ती चुकवत नसे. दोन हातांत दोन पिंजरे घेऊन ती जिना उतरायची आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे चालत जायची. डॉक्टर म्हणायचे, "मावशी, माणसांची पोरं इतक्या वेळेवर येत नाहीत."

माझं काम महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं. मांजर एकटं माझ्यावर बसेल तर ते मांजर कसलं! म्हणून मावशी त्याला टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायची आणि स्वतः माझ्यावर उभी राहायची. जो आकडा येईल त्यातून तिचं वजन वजा केलं की उरलं ते मांजराचं. तिचं वजन चौसष्ट. पहिल्या रविवारी तिने ते एकदाच बघितलं आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं. त्यानंतर ती रिकाम्या हातांनी माझ्यावर कधी चढलीच नाही. "चौसष्ट वजा," असं पुटपुटायचं आणि मांजराचा आकडा लिहायचा, असं सहा वर्षं चाललं.

या पद्धतीने मी एक जीव वाचवला, हे सांगितलं नाही तर माझा मलाच राग येईल. एका महिन्यात एकडोळ्या अर्धा किलो उतरला. खात होता, खेळत होता, कोणाला शंकासुद्धा आली नसती. मावशीने दुसऱ्याच दिवशी त्याला नेलं. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, अगदी सुरुवातीचं. डॉक्टर म्हणाले, "अर्ध्या किलोवरून कळलं म्हणून हा वाचला." मावशीने घरी येऊन ओल्या फडक्याने माझी काच पुसली. मी त्या दिवशी फार खूश होतो.

मग तो रविवार आला. रखवालदाराला घेऊन ती उभी राहिली, एक किलो कमी. जुळ्यांना घेतलं, दोघी एकेक किलोने कमी. एकडोळ्या, चिंधी, सगळीच्या सगळी एका महिन्यात एकेक किलो उतरलेली. मावशीचा चेहरा पांढरा पडला. तिने साऱ्या घराला जंताचं औषध पाजलं, नखं खाल्ली, आणि रखवालदार न् चिंधीला घेऊन डॉक्टरांकडे धावली.

परत आली तेव्हा दारातूनच फोनवर भाचीला सांगत होती, "अगं, काही नाही झालेलं! दवाखान्यातल्या काट्यावर दोघंही होती तेवढीच भरली. डॉक्टर म्हणाले, मांजरं ठणठणीत आहेत, तुमचा काटा म्हातारा झालाय."

मित्रांनो, मी तेव्हा ओरडलो असतो. अकरा मांजरांचं वजन एकाच वेळी, एकाच मापाने कसं उतरेल? उतरली होती ती अकराही वेळा माझ्यावर उभी असलेली एकटी मावशी. एका किलोची बातमी होती, वेळीच ऐकली असती तर काट्याचा नायटा झाला नसता. पण मला सुई आहे, जीभ नाही. मावशीने मला दोन थापा मारल्या, "बिघडलास रे बाबा," असं म्हणून कपाटामागे सारलं, आणि माझ्या अंगावर धूळ बसू लागली.

आता वजनासाठीही दवाखान्यातच जायचं म्हणून तिच्या फेऱ्या दुप्पट झाल्या. कपाटामागून मला तिची पावलं ऐकू यायची. पूर्वी ती पिंजरे घेऊन एका दमात जिना चढायची, आता मध्येच थांबायची. शेजारीण म्हणाली, "मावशी, अंगाने उतरलात हो." तर हसून म्हणाली, "या अकरा जणांमागे धावून तू बघ, तूही उतरशील." जेवण अर्धं टाकायची आणि ते मांजरांपुढे सरकवायची. कपडे ढगळ व्हायला लागले, तर म्हणाली जुनं कापड ताणलं, आणि मशीनवर बसून स्वतःच्या कपड्यांना कमरेत टीप मारली. पुढच्या महिन्यात आणखी एक. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या बाईने स्वतःला टेप लावली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

चार महिन्यांनी डॉक्टर दोन आठवडे परगावी गेले आणि चिंधीचं खाणं जरा कमी झालं. मावशीने नाइलाजाने मला बाहेर ओढलं, पुसलं, आणि चिंधीला घेऊन उभी राहिली. मी खरं ते सांगितलं: पंचावन्न.

मावशीने वही काढली. पंचावन्नातून चौसष्ट वजा. मग ती खो खो हसत सुटली. "चिंधे, तू उणे नऊ किलोंची आहेस! आहेस का नाहीस, ते तरी सांग!" हसता हसता तिला भिंत धरावी लागली. चिंधी तिच्या हातात म्याव म्याव करत होती.

डॉक्टर परतल्यावर ती मला पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. "बघा तुमचा रोगी, म्हातारचळ लागलाय याला," असं म्हणत तिने मला जमिनीवर ठेवलं आणि उणे नऊचा किस्सा सांगितला. डॉक्टरही हसले. त्यांनी मांजरांच्या खाण्याची पाच किलोची बंद गोणी माझ्यावर ठेवली. मी पाच दाखवले. दुसरी ठेवली. मी दहा दाखवले, केसभरही इकडेतिकडे नाही.

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी वही हातात घेतली.

"मावशी, हे चौसष्ट कधीचं?"

"सुरुवातीचं. का हो?"

"जरा उभ्या राहा. नाही, चिंधीला माझ्याकडे द्या. एकट्या उभ्या राहा."

ती उभी राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचे हात रिकामे होते. मी बावन्न दाखवले. ते खोटं ठरावं म्हणून त्या क्षणी मी मोडायलासुद्धा तयार होतो.

डॉक्टरांनी वही मिटली. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "दर महिन्याला तुम्ही माझ्यासमोर उभ्या होतात. मी पिंजऱ्यातच बघत राहिलो."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते सांगवत नाही. पोटात गाठ होती. माणसांच्या दवाखान्यात भाचीला सांगण्यात आलं, की चार महिने आधी आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. भाची कामावरून रजा घेऊन राहायला आली. डॉक्टर आठवड्यातून एकदा स्वतः जिना चढून मांजरं बघायला यायचे आणि जाताना मावशीच्या पायाशी घटकाभर बसायचे. एकेका मांजराला चांगलं घर शोधलं गेलं. मावशी पडल्या पडल्या प्रत्येकाची खोड, औषध आणि लशीची तारीख सांगायची, भाची लिहून घ्यायची.

मावशीच्या शेवटच्या महिन्यात, पहिल्या रविवारी, घरात चिंधी आणि रखवालदार दोघंच उरली होती. भाचीने मला पलंगाजवळ आणलं, चिंधीला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्यावर पाऊल ठेवणार, एवढ्यात मावशीने हात वर केला.

"तिला खाली ठेव. आधी तू एकटी चढ."

"माझं कशाला, मावशी?"

"चढ म्हणते ना! आणि दर वेळी चढ. दर वेळी नवं लिही."

भाची रडत रडत माझ्यावर उभी राहिली. मी तिचं वजन दाखवलं, आणि मावशीने ते तिच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. नऊ दिवसांनी मावशी गेली.

मी आता भाचीकडे आहे, मित्रांनो. तुमच्याही घरात कोणीतरी असेल, ज्याला सगळ्यांच्या औषधांच्या वेळा पाठ आहेत, जो आजीला, बाळाला, कुत्र्यामांजराला उचलून दवाखान्यात नेतो आणि त्याच्या स्वतःबद्दल विचारलं की "मला काय धाड भरलीय" म्हणतो. तुम्ही आज घरी जा, त्याच्या हातातलं ओझं काढून घ्या, आणि त्याला एकट्याला काट्यावर उभं करा. तो नाही म्हणेल. तरी करा.