खिडक्या मांडणाऱ्यावरचा आळ

मित्रांनो, मी संगणकातला एक जुना, हलकासा प्रोग्राम आहे. पडद्यावर ज्या चौकटी उघडतात त्यांना खिडक्या म्हणतात. त्या एकमेकींवर न चढवता, फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारी मांडणे हे माझे काम. त्यासाठी माउस लागत नाही, कळफलकावरची दोन बटणे पुरतात.

मला लिहिणारा कुणी दूरचा. त्याने मला लिहिले आणि सर्वांसाठी फुकट मोकळे सोडले. पण घरोघरी पोचवले ते एका मुलीने. माझी नवी आवृत्ती आली की ती माझे पॅकेज बांधायची, म्हणजे कुठल्याही संगणकावर मी बिनतक्रार बसावे अशी तयारी करून द्यायची. त्याचा पगार नव्हता, आवड होती.

तिचे वडील मुद्रितशोधक. पडद्यावर डावीकडे लेखकाची मूळ प्रत, उजवीकडे छापखान्याची पाने, आणि दोन्हींवर त्यांची नजर. त्यांचे हात थरथरत, माउस धरला की पडद्यावरचा बाण सैरावैरा धावे. म्हणून तिने मला त्यांच्याकडे बसवले. अडचण एकच होती. खिडकी बंद करणाऱ्या बटणांना नुसते बोट लागले तरी मी ती न विचारता बंद करीत असे. तिने पॅकेजमध्ये एक छोटे ठिगळ, म्हणजे दुरुस्तीच्या चार ओळी, लावले. आता बटणे क्षणभर दाबून धरली तरच खिडकी बंद होई.

"गुणी आहे हो तुझा हा," बाबा म्हणायचे. मी सुखावत असे.

पुढे नवी आवृत्ती आली. लिहिणाऱ्याने नेमका तोच भाग बदलला होता. ठिगळ बसेना, पॅकेज बांधले जाईना. "कधी देताय?" असे लोकांचे संदेश येऊ लागले. ती वैतागली. "पुढच्या खेपेला बघू," असे पुटपुटत तिने ठिगळ काढले आणि मला धाडून दिले. बाबांच्या संगणकावर मी आपोआप पोचलो. त्यांना कुणी काही सांगितले नव्हते.

"चिमे, अगं धाव! सकाळपासूनचं सगळं गेलं!"

"काय दाबलंत, बाबा?"

"दाबतोय कशाला? माझी बोटं नाचायला परवानगी मागतात होय!"

तिने बटणांना हलकेच बोट लावून पाहिले. खिडकी मिटली. तिला सारे कळले. आता ती सांगेल, असे मला वाटले.

"हा प्रोग्रामच जुना झालाय, बाबा. भरवशाचा नाही राहिला."

"चांगला होता की गं!"

"होता."

तिने मला तिथून काढून टाकले आणि एक मोठा, चकचकीत प्रोग्राम बसवला. त्यात खिडक्या माउसने ओढून लावाव्या लागतात. बाबा दर वेळी तिला हाक मारत. मग हाका कमी झाल्या. एके दिवशी ते छापखान्याला फोनवर म्हणाले, "दुसरा कुणी बघ रे बाबा. माझ्याच्याने नाही होत आता."

मी हे शेजारच्या खोलीतून ऐकले. कारण तिच्या स्वतःच्या संगणकावर मी अजून आहे. बाबांकडून मला काढले त्याच आठवड्यात तिने ठिगळ पुन्हा नीट शिवले होते. लांबलांबच्या लोकांनी तिचे आभार मानले. फक्त बाबांकडे तिने मला परत बसवले नाही. बसवायचे तर खरे सांगावे लागेल.

मित्रांनो, तुमच्या हातून काही राहिले तर बोलून टाका. आमच्यावर ढकलू नका. आम्ही दुरुस्त होतो, पण तुम्ही बोलल्याशिवाय आम्हाला परत जाता येत नाही. आणि तिकडे एक माणूस रिकाम्या हातांनी बसून राहतो.