डरवेंटवरची शनिवारची शर्यत

“तुझे गुडघे वाजतात, माझी कंबर वाजते, आणि ही म्हातारी तेवढी ठणठणीत!” नवऱ्याला ऐकवत, कुरकुरत मर्ल माझ्या काठावर बसली.

मित्रांनो, ती म्हातारी म्हणजे मी. डरवेंट नदीवरची जुनी शिडाची होडी. ह्युऑन पाइनची आहे मी. आमच्या टास्मानियातलं हे लाकूड कुजायचं नाव घेत नाही. मर्लचा नवरा सेल्विन, त्याच्या वडिलांनी मला परसातल्या शेडमध्ये घडवलं. सेल्विन वारा ओळखायला शिकला तो माझ्यावरच. पुढे ऑलिंपिकचं सोन्याचं पदक मात्र त्याने दुसऱ्याच एका चकचकीत होडीतून जिंकलं. तेव्हा मी ताडपत्रीखाली होते आणि माझ्यात कोंबडी अंडी घालत होती. रुसले होते, खोटं कशाला बोलू! पण गडी परतला तो थेट शेडमध्ये. आधी कोंबडीला हाकललं, मग मला नवा रंग दिला.

पुढे त्याने शिडांचा कारखाना काढला. अर्धं गाव तिथे कामाला लागलं. आणि दर शनिवारच्या शर्यतीत आम्ही जिंकू लागलो. आधी मीही फुशारले. मग लक्षात आलं, शेवटच्या बोयापाशी, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेपाशी, वारा असूनही बाकीच्यांची शिडं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी फडफडतात. मालकाला हरवायचं कोणी? सेल्विन खुशीत शीळ घालत घरी जायचा, म्हणून सगळं कळूनही मर्ल त्याला सांगायची नाही.

मित्रांनो, जुन्या होडीला रंग द्या, तिच्या फटी बुजवा. पण तिची कीव करू नका. मला एक खरी शर्यत हवी होती.

आज कारखान्यात शिडं कापणारा देस आमच्या चांगला होडीभर पुढे होता. शेवटचा बोया आला आणि त्याचं शीड ढिलं पडलं.

“जन्मभर शिडं कापली, पण ताणता येत नाही गड्याला!” सेल्विन हसला. हसू अर्ध्यातच विरलं. “मर्ल, मी अजून एवढा चांगला आहे का गं?”

देस मुद्दाम दुसरीकडे बघत होता. मर्ल डोलकाठीला धरून उभी राहिली. अख्ख्या नदीला ऐकू जाईल असं ओरडली,

“देस! ओढ तो दोर! नोकरी जात नाही तुझी! आणि सेल्विन, नाहीस तू एवढा चांगला. हे सगळे तुला मुद्दाम जिंकू देतात. आता खेच शीड, आणि हरव बघू त्याला!”