तीन महिन्यांनंतरचा फोटो

न्यायापुढे सगळे सारखे असतात. बाईंचे डोळे तेवढे सारखे नव्हते, आणि तक्रार नेमकी तीच होती.

बाई शाळेत भूगोल शिकवत. पन्नाशीच्या सुमारास त्यांच्या पापण्या खाली उतरल्या आणि बाई पेंगतायत असं समजून मुलं नकाशे सोडून भलतंच काहीबाही रंगवू लागली. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. तोही लग्न झाल्यापासून कॅमेऱ्यामागून "अगं, डोळे उघड" म्हणत आला होता. शेवटी बाईंनी साठवलेले पैसे काढले आणि दोन्ही पापण्या उचलून घेतल्या. डॉक्टरांनी उजवी बेतानं उचलली. डावीच्या वेळी त्यांचा हात सढळ होता.

आता डावा डोळा मिटेना. झोपेतसुद्धा फटीएवढा उघडाच राही आणि सकाळी वाळू भरल्यासारखा खुपे. रात्री त्यावर चिकटपट्टी लावावी लागे. बुबुळ असंच सुकत राहिलं तर नजर जाईल, असं डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं होतं. पापणी पुन्हा दुरुस्त करून घेणं हा एकच उपाय, आणि त्यासाठीचे पैसे बाई बिघडवून घेण्यात संपवून बसल्या होत्या. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, सूज आहे, उतरेल. सूज उतरली. पापणी उतरली नाही. शाळेत मात्र परीक्षेतल्या कॉप्या बंद झाल्या, आणि मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं.

भरपाईचा दावा घरच्याच वकिलानं ग्राहक मंचात घातला. तो नवऱ्याचा चुलतभाऊ. फी घेणार नव्हता, त्यामुळे त्याला घाई कर म्हणायची सोय नव्हती.

"वहिनी, पुरावा पाहिजे. ऑपरेशनला तीन महिने झाले, आज डोळा कसा आहे त्याचा फोटो. मिटलेला, म्हणजे मिटत नसलेला."

"फोटोग्राफर घरातच आहे, भाऊजी."

"म्हणून तर म्हणतो, केस आपल्या खिशात आहे."

नवऱ्यानं तो फोटो जीव ओतून काढला. मागे काळा पडदा लावला, दोन्हीकडून दिवे सोडले, बायकोच्या कपाळावरची बट स्वतः सारली. मग फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि हात चालू लागला. हा हात आयुष्यभर लोकांचे वांग पुसत, हनुवट्या आवरत आणि मान उंचावत आला होता. शहरातल्या निम्म्या लोकांना ओळखपत्र दाखवल्यावर "हे तुम्हीच का?" असं ऐकावं लागे, ते याच हातामुळे. वकिलाच्या स्वतःच्या ओळखपत्रावर त्याला केस होते.

फोटोबरोबर नवऱ्याचं शपथपत्रही गेलं. छायाचित्रात कोणताही फेरफार केलेला नाही, असं त्यात लिहिलं होतं आणि सही करताना त्याला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. वकिलानं फोटो पाहिला, "मस्त आलाय" म्हणाला आणि कागदांना टाचला. बाईंनी पाहिला नाही. आरशात रोज फुकट दिसत होतं, ते छापून कशाला पाहायचं?

सुनावणी लागेपर्यंत बाईंची दोन वर्षं चिकटपट्टीत गेली. सुनावणीच्या दिवशी डॉक्टरांच्या वकीलबाई उठल्या. त्यांनी नवीन काहीच आणलं नव्हतं. बाईंच्याच कागदांतला तो फोटो त्यांनी मंचाच्या अध्यक्षांपुढे सरकवला. त्यात एक गृहिणी दोन्ही डोळे घट्ट मिटून, एखादं लांबलेलं काम हातावेगळं झाल्यासारखी प्रसन्न बसली होती.

"तक्रारदारांच्या यजमानांनी शपथेवर दिलेला फोटो आहे, साहेब. तीन महिन्यांनी पापणी नीट मिटत होती. पुढे जे बिघडलं, ते कुठे आणि कशानं, आम्हाला कसं माहीत असणार?"

अध्यक्षांनी फोटो पाहिला. मग बाईंना पाहिलं. "बाई, डोळे मिटा."

बाईंनी मिटले. एक डोळा अध्यक्षांकडे बघत राहिला. त्यांनी नजर कागदात घातली.

नवरा उभा राहिला. "साहेब, मी थोडं फिनिशिंग केलं असेल."

"असेल?"

"कळत नाही हो. हात फिरतो."

"मग मूळ फोटो आणा."

"मूळ आम्ही ठेवत नाही, साहेब. गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडला तर भांडणं होतात."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की फोटो खरा असेल तर ही तक्रार टिकत नाही. आणि खोटा असेल तर यजमानांनी शपथेवर खोटं सांगितलं. मग त्यांच्यावर वेगळी केस होईल, ती इथे नाही, वरच्या मजल्यावर. "विचार करून बोला," ते म्हणाले.

वकिलानं भावाच्या शर्टाचं टोक धरून खाली ओढलं. तो बसेना.

"फोटो खरा आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "बसा हो तुम्ही."

तो बसला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये वकील अपील, वरचं कोर्ट, असं काहीबाही बोलत राहिला आणि मग त्याला दुसरी तारीख आठवली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"मला खरंच तुझा डोळा तसाच दिसला गं," तो म्हणाला.

"चला. पाचला शाळेत मीटिंग आहे."

पुढच्या महिन्यात बाईंनी शाळेच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि दुसऱ्या दोन सर्जनांना डोळा दाखवला. दोघांनीही बॅटरी मारून पाहिलं, दोघेही हळहळले आणि दोघांनीही एकच सांगितलं. दुसऱ्यानं कापलेलं आम्ही हातात घेत नाही. ज्यांनी केलंय, त्यांनाच आत काय केलंय ते ठाऊक.

बाईंनी पुन्हा त्याच दवाखान्यात फोन लावला. गुरुवारची वेळ मिळाली. जुन्या पेशंटना तपासणी फी नव्हती.