एक बाई आणि न येणारा नवरा

आमच्या कोचकोर गावच्या नाट्यगृहातलं नाटकांचं कपाट माझ्या ताब्यात आहे, आणि ते मी माझ्या डोक्याने लावलंय. कुणाला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. सगळ्यात खाली भरपूर माणसं लागणारी नाटकं: खान, फौजा, लग्नाची वऱ्हाडं. त्याच्या वर दहा-बारा जणांची, मग पाच-सहांची, मग दोघांची. अगदी वर, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही तिथे, एकट्या माणसाची. प्रत्येक कप्प्यात डावीकडे हसवणारी, उजवीकडे रडवणारी. पूर्वी नाटक शोधायला मी गुडघे टेकून बसायचे. मग एकेक नट मॉस्कोला कामाला गेला आणि माझा हात वर वर सरकत गेला. आता गुडघ्यांना आराम आहे, पण असला आराम हवाय कुणाला?

हिवाळ्यात दुपारी शेगडी तापली की मला डुलकी लागते. बर्फाचा उजेड छतावर हलत असतो, आणि मला वाटतं की खालच्या कप्प्यातली माणसं हळूच उठून वरच्या एकट्यांना भेटायला निघाली आहेत. कपाट करकरतं. मी डोळे उघडत नाही. जाऊ देत बिचारी.

अशाच एका दुपारी बुरुल आपा आली. आमची सगळ्यात जुनी नटी. तिचा नवरा मुकाश जन्मभर तिच्यासोबत रंगमंचावर उभा राहिला आणि गेल्या पानगळीत वारला. तेव्हापासून ती इकडे फिरकलीच नव्हती.

"झूरा, झोपलीस का गं?"

"छे, विचार करत होते."

"घोरत घोरत? ऊठ. मला नाटक दे. दोघांचं, नवरा-बायकोचं. हसवणारं हवं. पण नवऱ्याने रंगमंचावर यायचं नाही."

मी डोळे चोळत उठले.

"नवरोजचा सण झाला की लेक मला राजधानीत, बिश्केकला नेणार," ती म्हणाली. "एकदा गेले की काही परत यायची नाही मी. त्याआधी एकदा ह्यांच्याबरोबर उभं राहायचंय. शेवटचं."

मी स्टूल ओढलं आणि वरून एकेक नाटक काढू लागले.

"ह्यात नवरा शेवटी मरतो."

"ते झालंय माझं करून."

"ह्यात तो फोनवरून बोलतो."

"आवाज कोण देणार? नटांत उरलेला तो रेडकू एसेन? ठेव परत."

"ह्यात तो बायकोला टाकून पळालाय."

"माझे पळाले नाहीत!"

मग राहिलं एकच. सगळ्यात वर, डाव्या कोपऱ्यात. ते तिथे आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण द्यायची छाती होत नव्हती. ते मुकाशनेच तिच्यासाठी लिहिलं होतं. बायको चहा मांडून बसलीय, नवरा अंगणात आहे आणि आत येतच नाही. ती बडबडते, भांडते, हसते, आणि शेवटी दार उघडून त्याला नावाने हाक मारते. झालं नाटक.

पण त्या चावट माणसाने नवऱ्याला स्वतःचंच नाव दिलं होतं. आमच्याकडे सून नवऱ्याचं आणि त्याच्या थोरल्यांचं नाव घेत नाही. बुरुल आपाने रंगमंचावर त्याला खान म्हटलं, चोर म्हटलं, गाढवसुद्धा म्हटलं, पण मुकाश कधी नाही. "घरी नाही तर नाही, इथे तरी म्हणशील," असं तो म्हणाला होता. तिने कागद त्याच्या अंगावर भिरकावले होते आणि आठवडाभर अबोला धरला होता.

आता तिने तेच कागद हातात घेतले आणि पहिल्या पानावर नुसता तळवा ठेवला.

"नाव बदलू या, आपा. दुसरं काहीही ठेवू."

"खबरदार! दोन बोटांनी टाइप केलंय त्यांनी. एक अक्षर हलवायचं नाही."

तालमी सुरू झाल्या. शेवटच्या हाकेपाशी आली की ती "अहो" म्हणून मोकळी व्हायची. "आपा, नाव," मी विंगेतून म्हणायचे. "वेळ आली की घेईन. तू मला शिकवू नकोस!"

नवरोजच्या दुपारी सभागृह गच्च भरलं. ओले कोट, गव्हाच्या गोड लापशीचा वास, मांडीवर पेंगणारी मुलं. आणि पहिल्या रांगेत काठी टेकून बसलेले कालमुर्झा, मुकाशचे थोरले भाऊ. ते समोर आले की बुरुल आपा अजूनही डोक्यावरचा रुमाल पुढे ओढते. कप्पाळ माझं! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

नाटक मात्र काय रंगलं! तिने दोन वाडगे मांडले. आपला काठोकाठ भरला आणि नवऱ्याचा मानाच्या माणसाला देतात तसा, घोटभरच, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला मिळतं. शेजारणीच्या गायीवरून तिने त्याला असं झापलं की लोक डोळे पुसत हसले. मला तर मधेच वाटलं, अंगणात खरंच कुणीतरी खाकरलं.

मग ती मागच्या दाराशी गेली. दार उघडलं. तोंड उघडलं. नजर पहिल्या रांगेकडे गेली आणि तोंड मिटलं.

मी आतून नाव कुजबुजले. तिला ऐकू आलं होतं. थोरल्या दिरासमोर ती नवऱ्याचं नाव घेणार कशी, हे लोकांनाही कळलं होतं.

कालमुर्झा काठीवर भार देऊन उठले. संपलं सगळं, म्हातारा निघाला, असं मला वाटलं. पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. त्या उघड्या दाराकडे तोंड करून, ह्या डोंगरावरून त्या डोंगरावर घालतात तशी त्यांनी साद घातली.

"मुकाऽऽश! अरे, बायको कधीची थांबलीय! चहा निवला की!"

मग ते सावकाश खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "घे पोरी. आता तू घे."

"मुकाश," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "मुकाश, या ना आत."

दाराआड झाडू आणि बादली होती, सकाळी मीच ठेवली होती. तरी मी मान लांब करून बघत राहिले. सगळं सभागृह बघत होतं. बुरुल आपाने मात्र दार लोटलं, येऊन खाली बसली आणि त्याच्या वाडग्यात अजून घोटभर चहा ओतला.