राखून ठेवलेले ग्राऊस

बारा ऑगस्ट. शिकारीच्या हंगामाचा पहिलाच दिवस, आणि पहिल्याच हाक्याला पक्षी उडेनात. हाकारे हेदरची झुडपं तुडवत आले, तर ग्राऊस, माळावरचे ते तितरासारखे पक्षी, त्यांच्या पुढेपुढे चालतच राहिले. चार-पाच तर माझ्या कुत्रीनेच तोंडात धरून आणले. एक हातात घेतला. छातीचं हाड सुरीसारखं बोटाला लागत होतं.

दगडी बांधाआड बसून मी त्याचं आतडं चिरलं, डब्यातल्या पाण्यात धुतलं. पाण्यात केसाएवढे बारीक जंत वळवळायला लागले. शेकड्यांनी. दुसरा पक्षी तसाच, तिसराही.

चूक कुणाची, ते मला तिथेच कळलं. गेल्या नोव्हेंबरात युअन, शिकारीच्या पक्ष्यांची निगा राखणारा माझ्या हाताखालचा रखवालदार, सांगत होता, "डूगल्ड, माळावर पक्षी फार झालेत. अजून दोन दिवस शिकार होऊ द्या. एवढी गर्दी राहिली तर एकाची घाण दुसऱ्याच्या चाऱ्यात, आणि जंत सगळ्यांच्या पोटात."

"तुला काय रे, मेलेलेच पक्षी आवडतात!" असं म्हणून मी त्याला उडवून लावलं होतं. मला पुढच्या वर्षी असा हंगाम हवा होता, की सगळ्या खोऱ्याने तोंडात बोटं घालावीत, म्हणून ते पक्षी राखून ठेवले. हाव, दुसरं काय! बावीस वर्षं रखवाली केली आणि अक्कल गहाण टाकली.

आमच्या मालकीणबाई, मिसेस स्ट्रेकन, पाहुण्यांना सोडून आल्या. डबा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"पक्षी टिपतात ती जंतांच्या औषधाची खडी कोण मांडत होतं?"

"मी," माझ्या शेजारी उभा असलेला युअन म्हणाला.

"मांडली असतीस तर हे दिसलं असतं?"

"एकूण एक जागी मांडली होती, बाई."

"खोटं बोलू नकोस. शनिवारपर्यंत घर रिकामं कर."

त्या घरात त्याची बायको होती, आठवा महिना लागलेली. युअनने माझ्याकडे पाहिलं. 'बाई, चूक माझी', एवढंच म्हणायचं होतं. पण माझं घरही त्यांनीच दिलेलं, आणि साठीला आलेल्या रखवालदाराला दुसरा माळ कोण देणार? मी डब्याकडे बघत राहिलो. स्वतःची किळस आली.

बाई गेल्या. युअनने खांद्यावरची काडतुसांची थैली काढून माझ्यापुढे ठेवली. वाटलं, आता शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

"पलीकडच्या उतारावर अजून शेकडो पक्षी आहेत," तो म्हणाला. "या खेपेला तरी राखून ठेवू नका, डूगल्ड."